सुभेदारांच्या डिकीतली गळती

“डिकीत काय बी ठिवायचं न्हाई. मी आपली यष्टीनं जाईन,” राहीबाई म्हणाल्या आणि कुंचीच्या झालरीला शेवटचा टाका घालून त्यांनी दोरा दातांनी तोडला.

हे वाक्य सुभेदार हंबीरराव साळुंखे यांच्या जिव्हारी लागले. बावीस वर्षे फौजेत काढून पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी सांगलीच्या एका डॉक्टरांकडून छप्पन सालची काळी मोटार विकत घेतली होती. इस्लामपूरपासून कोसभरावर असलेल्या त्यांच्या मळ्यात तोवर बैलगाडी, सायकल आणि कारखान्याचा ट्रॅक्टर यांखेरीज चाक असलेले काही आले नव्हते. मोटार घेतली ती चैत्रात. आपण ही गाडी पावसात कधीच बाहेर काढली नाही, असे डॉक्टरांनी मोठ्या अभिमानाने सांगितले होते आणि सुभेदारांनीही ते तितक्याच कौतुकाने ऐकले होते. त्या बोलण्याचा अर्थ त्यांना आखाडात कळला.

आखाडात त्यांची लेक विजयमाला हिचे दिवस भरत आले होते. दुसरे बाळंतपण म्हणून ती सासरी, पाटणलाच होती. राहीबाईंनी कापण्या आणि कानवले तळले, लेकीसाठी हिरवे लुगडे घेतले आणि सगळे डिकीत घालून उभयता पाटणला गेली. कराड सोडल्यापासून पाटण येईपर्यंत पाऊस एकदाही थांबला नाही. विहिणीच्या दारात डिकी उघडली तेव्हा लुगडे चिंब भिजलेले होते, त्याचा रंग कानवल्यांच्या पाटीत उतरला होता आणि कानवले पोपटासारखे हिरवेगार झाले होते. विहीणबाई आक्काताई यांनी ते टाकून दिले असते तर बरे झाले असते. त्यांनी ते सुकवून ठेवले आणि पुढचे पंधरा दिवस आल्यागेल्याला काढून दाखवले. “आमच्या याह्यांची मोटार लय भारी,” त्या सांगत, “मानसं बसली की कोरडी, आन् सामान ठिवलं की त्याला आंगूळ.”

आता विजयमालेला मुलगा झाला होता. चार दिवसांवर बारसे होते. दोन गोधड्या, सहा दुपटी, कुंची, टोपडी, अंगडी आणि डिंकाचे लाडू असा बाळंतविडा राहीबाईंनी महिनाभर खपून तयार केला होता. मागच्या सीटवर सुभेदारांचा धाकटा भाऊ नाथाजी, त्याची बायको सुलाबाई आणि सागवानी पाळण्याचे सुटे भाग बसणार होते. बाळंतविड्याला जागा उरत होती ती फक्त डिकीत.

“सुभेदाराची बायकू यष्टीतनं उतरली, तर लोकं काय म्हनतील?” हंबीरराव म्हणाले.

“म्हनतील, बाई शानी हाय,” राहीबाई म्हणाल्या.

“आगं, चार दिवसांत डिकी एकदम फिट करतो. थेंब आत आला तर मोटार इकून टाकीन.”

“इकाया गिऱ्हाईक पावसाळ्यात आनू नका म्हंजे झालं.”

सुभेदारांनी त्याच दिवशी मोटार इस्लामपूरला धनाजी मिस्त्रीकडे नेली. धनाजीने झाकणाचे रबर बोटाने चाचपले आणि अशुभ बातमी सांगणाऱ्या वैद्यासारखी मान हलवली. असले रबर मुंबईहून मागवावे लागेल, त्याला महिना लागेल, असे त्याने सांगितले. तोवर तात्पुरता इलाज म्हणून त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून झाकणाच्या कडेने चिकटवल्या. डिकीचे झाकण आता दोन माणसांनी दाबल्याशिवाय लागेना. “आता मुंगीबी आत जानार न्हाई,” धनाजी म्हणाला. दुसऱ्या सकाळी पाऊस पडून गेल्यावर सुभेदारांनी डिकी उघडली. मुंगी खरोखरच आत गेली नव्हती. पाणी मात्र होते.

मग सुभेदारांनी मोहीम स्वतःच्या हातात घेतली. त्यांनी डांबराचा डबा आणला आणि पत्र्याचा जिथे जिथे सांधा दिसला, तिथे तिथे डांबर थापले. डिकीच्या तळाला चार भोके होती. पाणी येण्याचा याहून उघड मार्ग कोणता असणार, असा विचार करून त्यांनी ती बुचे मारून, वर बोटभर जाड डांबर देऊन बंद केली. चौथ्या सकाळी पुन्हा सर येऊन गेली. डिकी उघडताच सगळे कुटुंब आत डोकावले. तळाशी घागरभर पाणी संथ उभे होते आणि त्यात आभाळ दिसत होते.

“आदी निदान यिऊन जात हुतं,” राहीबाई म्हणाल्या. “आता त्याची वाट बी तुमी मुजवली.”

“तुला मशिनीतलं काय कळतं?”

“मशिनीतलं न्हाई कळत. पानी कळतं,” असे म्हणून त्या भाकऱ्या थापायला निघून गेल्या. सुभेदारांनी ते बोलणे मनावर घेतले नाही.

बारसे आता उद्यावर आले होते. पाणी नेमके कुठून शिरते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही, असा निर्णय सुभेदारांनी घेतला. पाणी उपसून काढल्यावर आपण बॅटरी घेऊन डिकीत बसावे, नाथाजीने झाकण लावावे आणि हौदातल्या बादल्या वरून ओताव्यात, अशी योजना ठरली. खाणाखुणांवाचून कोणतीही कारवाई करू नये, हे त्यांना फौजेने शिकवले होते.

“नीट ऐक,” ते नाथाजीला म्हणाले. “आतनं मी एक ठोका दिला, तर पानी सुरू. दोन ठोके, तर बंद. तीन ठोके, तर डिकी उघडायची. कळलं?”

“कळलं की दादा.”

“सांग बघू.”

“एक ठोका आला की वतायचं,” नाथाजी म्हणाला. बाकीचे त्याला सांगता आले नाही असे नाही. पण तेवढ्यात सुभेदार समाधानाने डिकीत चढले होते. नाथाजीने झाकणावर बसून ते लावले. कुलूप खटकन लागले. कुलपाची किल्ली सुभेदारांच्या खाकी विजारीच्या खिशात होती.

आतून एक ठोका आला. नाथाजीने एक बादली ओतली. सुभेदारांनी बॅटरी फिरवली. झाकणाच्या कडा कोरड्या होत्या, सांधे कोरडे होते. आणि तरीही त्यांच्या मानेवर गार पाण्याची धार लागली. कुठून, ते मान वळवून पाहायला जागा नव्हती. त्यांनी थांबण्यासाठी दोन ठोके दिले. नाथाजी आज्ञाधारक माणूस होता. पहिला ठोका ऐकताच त्याने बादली ओतली, आणि दुसरा ऐकताच दुसरी ओतली. सुभेदारांनी तीन ठोके दिले. तीन बादल्या आल्या. मग आतून जो ठोक्यांचा सडाच सुरू झाला, त्याने नाथाजीची धावपळ उडाली. हौद ते मोटार, मोटार ते हौद असा तो पळत राहिला. तळाची भोके बुजवलेली असल्याने डिकीत आलेले पाणी आतच साठत होते.

न्याहारीची भाकरी घेऊन राहीबाई आल्या तेव्हा नाथाजी घामाने निथळत होता.

“भावजी, ह्यास्नी कुटं धाडलं?”

“दादा डिकीत हायत.”

“आन् तुमी पानी का वतताय?”

“दादाच ठोकत्यात न्हवं! माजी कंबार मोडली, वैनी. त्यांचं काय मन भरंना.”

राहीबाईंनी बादली त्याच्या हातातून काढून घेतली आणि झाकणाला कान लावला. आत सुभेदार फौजेतल्या हिंदीत काहीतरी बोलत होते. ते शब्द बायकांसमोर उच्चारण्याजोगे नसावेत, इतपत त्यांना समजले.

“आवं, किल्ली कुटं हाय?” त्यांनी ओरडून विचारले.

आतली हिंदी थांबली. मग बारीक आवाज आला, “माज्यापाशी.”

“मग आता वो?”

“मागची सीट काडा. पाठ टेकतो ती. खालच्या अंगाला दोन बोल्ट हायत. बादलीला हात लावू नका!”

नाथाजीने पान्याने बोल्ट सैल केले, सीटची पाठ उचकटून काढली आणि मागचा पुठ्ठा बाजूला सारला. त्या खिंडारातून सुभेदारांचा चेहरा प्रकट झाला. एका गालाला डांबर लागले होते. विजारीला तर ते इतके लागले होते की, बाहेर सरकताना ती त्यांच्याबरोबर यायला तयार नव्हती. नाथाजी हसू दाबण्यासाठी पाठमोरा झाला. राहीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे पाहतच नव्हत्या.

“थांबा. हालू नका,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मानंवर पानी पडलं ते कुटनं?”

“वरनं.”

“झाकनातनं?”

“न्हाई. झाकान कोरडं हुतं.”

राहीबाई मागच्या सीटवर गुडघे टेकून आत वाकल्या. मागच्या काचेच्या खाली, सीटच्या आड दडलेल्या पत्र्यावर एक बारीक ओली रेघ उतरली होती. ती आडवी जाऊन, कोपऱ्यात वळून, डिकीच्या आतल्या अंगाला नाहीशी होत होती.

“खेकड्याचं बीळ हाय हे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“बांधाला खेकडं बीळ पाडतं, तवा पानी आपल्या उसातनं शिरतं आन् निगतं दुसऱ्याच्या वावरात. जितं निगतं तितं चिखूल थापून काय बी हुईत न्हाई. शिरतं कुटं ते हुडकाया लागतं.”

“आगं ही मोटार हाय, बांध न्हवं.”

“ते तुमास्नी ठावं. पान्याला कुटं ठावं हाय?”

सुभेदारांनी बाहेर येऊन किल्लीने डिकी उघडली आणि पाणी उपसून आतला पत्रा कोरडा पुसला. राहीबाईंनी चुलीतली वस्त्रगाळ राख आणली. डिकीच्या आत, दिव्यांच्या मागे, काचेखालच्या पत्र्यावर त्यांनी ती बोटांच्या चिमटीने रांगोळीसारखी सोडली. मग नाथाजीला बादलीऐवजी तांब्या दिला. “खालनं वर यायचं. मी म्हनल्याबिगार वतायचं न्हाई,” त्यांनी सांगितले. पहिला तांब्या मागच्या दिव्यांवर पडला. राख कोरडी राहिली. दुसरा झाकणाच्या कडेवर पडला. राख कोरडी राहिली. तिसरा काचेच्या डाव्या कोपऱ्यावर पडला, आणि राखेतून एक काळी रेघ सावकाश पुढे सरकू लागली. काचेच्या रबराला तिथे करंगळीच्या नखाएवढी चीर होती.

“घावलं!” राहीबाई म्हणाल्या.

सुभेदार डांबराचा डबा घेऊन धावले.

“त्यो डबा आदी लांब ठिवा,” असे म्हणून त्या घरात गेल्या आणि हातात आपला कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. त्यात कुंकवाखाली लावायच्या मेणाची गोळी होती. “सोळा वरसं पावसात उसाच्या पान्याची दारं धरली मी. आंगावरचं लुगडं वलं व्हायाचं, हातातला कंदील इजायचा. कपाळाचं कुक्कू कवा वघळलं न्हाई. ह्या मेनानं धरून ठिवलं.”

सुभेदारांनी डांबराचा डबा खाली ठेवला. ते पलटणीत असताना घरून येणाऱ्या पत्रांत ‘पाऊसपाणी ठीक आहे’ एवढेच शब्द असत. ते वाचून ते निर्धास्त होत. त्या शब्दांमागे उसाच्या सरीत, गुडघाभर चिखलात, खोरे घेऊन कोण उभे असे, हे त्यांनी कधी विचारले नव्हते, आणि राहीबाईंनीही कधी कळवले नव्हते.

“म्या काय करू?” त्यांनी विचारले. लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती. हा प्रश्न त्यांनी बायकोला प्रथमच विचारला होता.

“तळाची भोकं मोकळी करा. चुकून आलंच पानी, तर त्याला जायाला वाट पायजे.”

एका करंड्यातले मेण पुरेना. सुलाबाईने आपले दिले. शेजारच्या मळ्यातून धोंडुबाई आणि बनुबाई आपापले करंडे घेऊन आल्या, आणि काम पाहायला थांबल्या. पळीत थोडे जवसाचे तेल घालून मेण मऊ केले गेले. राहीबाईंनी रबर सुरीच्या पाठीने उचलून, अंगठ्याने दाबत दाबत ते काचेच्या चारही बाजूंनी भरले. चार करंड्यांतले कुंकू थोडे थोडे त्यात उतरले होते. काळ्या मोटारीच्या मागच्या काचेला लालबुंद किनार आली.

“हे असं लाल...” सुभेदार चाचरत म्हणाले. “लोकं इचारतील.”

“सांगा, नवी हाय म्हनून मळवट भरलाय,” धोंडुबाई म्हणाली, आणि तिघी-चौघी पदर तोंडाला लावून हसल्या.

मग नाथाजीने अकरा बादल्या ओतल्या. कोणी ठोके दिले नाहीत. डिकीतल्या राखेचा कणही ओला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळंतविडा डिकीत गेला आणि राहीबाई पुढच्या सीटवर बसल्या. कराड मागे पडले आणि पाऊस कोसळू लागला. समोरचा रस्ता दिसेनासा झाला. मल्हारपेठच्या अलीकडे सुभेदारांनी मोटार बाजूला घेतली.

“जरा डिकी उगडून बगतो.”

“बसा गुमान. आत थेंब न्हाई, पर तुमी उगडलं की बादलीभर जाईल.”

पुढे दोन ठिकाणी त्यांनी पुन्हा गती कमी केली, आणि दोन्ही वेळा राहीबाईंनी नुसते पाहिले. सुभेदार शत्रूच्या माऱ्यात जितके घामाघूम झाले नव्हते, तितके त्या रस्त्यावर झाले.

पाटणला आक्काताईंनी स्वागताची चोख तयारी ठेवली होती. ओसरीवर या खांबापासून त्या खांबापर्यंत तीन दोऱ्या ताणल्या होत्या. कोपऱ्यात निखारे घातलेली शेगडी धगधगत होती. आळीतल्या सात-आठ बायका बारशाच्या वेळेआधी तासभर येऊन बसल्या होत्या.

“या, ईनबाई, या!” आक्काताई म्हणाल्या. “दोऱ्या बांदून ठिवल्यात बगा. पिळायला आमच्या रंगुबाई हायत. बाळाची कापडं सांजपतुर वाळतील.”

“काय वो तुमची माया!” राहीबाई म्हणाल्या.

नाथाजीने डिकीवर घोंगडे धरले. सुभेदारांनी किल्ली फिरवली. झाकण वर गेले. सगळ्यात वर कुंची होती. आक्काताईंनी ती पुढे होऊन उचलली, बोटांत चुरगाळली, गालाला लावून पाहिली, आणि गोंधळून रंगुबाईच्या हातात दिली. रंगुबाईने ती सवयीने पिळली. काहीच निघाले नाही. मग गोधड्या आल्या, दुपटी आली, टोपडी आली. प्रत्येक वस्तू सात-आठ हातांतून फिरली आणि प्रत्येक हाताने ती कोरडी असल्याचे जड अंतःकरणाने मान्य केले. शेवटी लाडवांचा डबा आला. आक्काताईंनी एक लाडू फोडला. आतला डिंक कुरकुरीत वाजला.

“वाळलेलं हाय की सगळं,” रंगुबाई म्हणाली. तिच्या आवाजात निराशा होती.

व्याही लालासाहेब मोटारीभोवती फेरी मारून आले. “सुभेदार, काम झकास झालंय. मिस्त्री कुठला म्हनायचा? इस्लामपूरचा का सांगलीचा?”

सुभेदारांनी छाती पुढे काढली. उत्तर ओठांवर आले होते आणि ते त्यांचे स्वतःचे नाव होते. आडवे यायला कोणी नव्हते; राहीबाई नातवाकडे जायला वळलेल्या होत्या. सुभेदारांनी त्यांच्या पाठीकडे पाहिले, आणि छाती हळूहळू जागेवर आली.

“मिस्त्री आमच्या घरातच हाय,” ते सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “ही. मी चार दिवस डांबर थापत हुतो. हिनं एका सकाळी चिमूटभर राख आन् कुक्कवाच्या मेनानं काम फत्ते केलं.”

राहीबाई थबकल्या. सुनेच्या वयाच्या मुलीने लाजावे तशा त्या लाजल्या, आणि मग लाजण्यासारखे काही नाही हे ध्यानात येऊन ताठ उभ्या राहिल्या.

बारसे थाटात सुरू झाले. पाळणा जोडून माजघरात टांगला गेला, नव्या गोधडीवर बाळाला निजवले गेले आणि बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला बाळ दचकून रडले. त्याच्या कपाळावर पाण्याचा थेंब पडला होता. विजयमालेने त्याला उचलले. दुसरा थेंब गोधडीवर पडला, तिसरा टोपड्यांच्या गाठोड्यावर. वानरांनी पाटणच्या घराघरांवरची कौले हलवून ठेवली होती, आणि आक्काताईंच्या माजघराचे छप्पर पाच ठिकाणी गळू लागले. पाळणा पूर्वेला सरकवला, तर तिथे धार लागली. पश्चिमेला सरकवला, तर तिथे आधीच पातेले ठेवावे लागले होते. बाळाला घेऊन विजयमाला देवघराच्या कोपऱ्यात बसली. तेवढी एकच जागा कोरडी होती, आणि ती दोघांपुरतीच होती.

आक्काताई बाळंतविडा उराशी धरून माजघराच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. जिकडे जावे तिकडे पाणी होते. ओसरीवर तर पावसाची झड येऊन ताणलेल्या दोऱ्याही ठिबकत होत्या. आळीतल्या बायका आता त्यांच्याकडे पाहत होत्या. राहीबाईंनी फक्त बाहेर उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहिले.

“ईनबाई,” आक्काताई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “एवडं सगळं तुमच्या डिकीत ठिवू का?”

“ठिवा की. तुमचीच हाय.”

नाथाजीने पुन्हा घोंगडे धरले. आक्काताईंनी स्वतःच्या हातांनी गोधड्या आणि दुपटी आत रचली. झाकण लागण्याआधी त्या “जरा थांबा” म्हणून आत गेल्या आणि आपले लग्नातले शालू-शेले बांधलेले गाठोडे घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग लालासाहेब जमिनीच्या कागदांची पत्र्याची पेटी घेऊन आले. रंगुबाई घरी पळत गेली आणि हळदीची पिशवी घेऊन आली.

सुभेदारांचा बेत दुपारी जेवून परतण्याचा होता. पण पाऊस उघडेपर्यंत डिकी उघडायची नाही, अशी सक्त ताकीद आक्काताईंनी सगळ्या आळीला दिली. पाहुणे चार दिवस राहिले. त्या चार दिवसांत रोज गोडधोड झाले.

पाचव्या सकाळी ऊन पडले. डिकी उघडली. आक्काताईंनी आपले गाठोडे उचलले, सोडले, शालूवरून हात फिरवला, तो नाकाशी धरून पाहिला, आणि एक शब्दही बोलल्या नाहीत.

आक्काताई काही बोलल्या नाहीत, ही गोष्ट राहीबाईंनी इस्लामपूर येईपर्यंत तीन वेळा सांगितली. सुभेदारांनी ती तिन्ही वेळा नव्याने ऐकली.